रंगूनबाईंचा ‘ळ’

वयाच्या बाविसाव्या वर्षी मी विक्रीला निघालो होतो. त्या जाहिरातीची प्रुफंही मीच तपासली होती.

लढाईच्या दिवसांत सांगलीत रंगूनबाईंचा छापखाना होता. बाई मूळच्या ब्रह्मदेशातल्या. नवरा सांगलीचा, रंगूनच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तिथं बॉम्ब पडले, नवरा गेला, आणि बाई डोंगर-जंगल तुडवत, कधी न पाहिलेल्या सासरी येऊन पोचल्या. यांचं करायचं काय, याचा सासरची मंडळी विचार करत बसली; तेवढ्यात बाईंनी एक जुनं पायानं चालवायचं यंत्र मिळवून साप्ताहिक सुरूसुद्धा केलं!

मराठी त्या नवऱ्याशेजारी बसून, खिळ्यांवरूनच शिकल्या होत्या. चौकस तर अशा, की “तुमच्याकडे म्हशीला नाव ठेवतात? कोण ठेवतं?” असं विचारून त्याचीच बातमी करायच्या. अडचण एकच. त्यांच्या जिभेवर ‘ळ’ नव्हता. बोलताना ‘ल’, म्हणून जुळवतानाही ‘ल’. ते सुधारायलाच मला ठेवलं होतं.

आमच्या आबांचे गुडघे गेलेले, थोरला भाऊ फौजेत. (मी होतो, पण मी खुरपं धरलं की तण वाचायचं आणि भुईमूग जायचा.) शेवटी आबांनी आष्ट्याबाहेरचा मळा विकायचं ठरवलं.

“तुज्या बाईच्या पेपरात घाल. नाव तुजंच घाल. सांगलीत मला कोन वळखतंय?”

मी घातलं. छापून आलं ते असं: “मला विकणे आहे. बारमाही ओला. दगडधोंडे काढलेला. शेणखत भरपूर खाल्लेला. सोबत दोन बैल मिलतील. समक्ष येऊन पाहावे. – सखाराम, मु. आष्टा.”

प्रूफ मी तीनदा वाचलं होतं. (तिन्ही वेळा फक्त माझं नाव. पहिल्यांदाच छापून येत होतं हो!)

दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! आईनं डोळ्याला पदर लावला. “काय कमी केलं रं तुला, इकायला निघालास?”

म्हसवडकडचे एक म्हातारे धनगर आले. त्यांना मेंढरांमागं गडी हवा होता. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, दंड दाबून बघितला, मग गोठ्यात जाऊन आले. “बैल लय झ्याक हायती. बैल घिऊन जातो. ह्येला ऱ्हाऊ द्या.”

मग एक मुलीचे वडील घरजावई शोधत आले. सगळं पसंत पडलं. पण शेणखतापाशी अडलं. “खातोय म्हंजी... रोज?” त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

आबा काठी घेऊन सांगलीला निघाले. मागून मी.

“आवं बाई, माजं पोरगं बाजारात उभं केलंसा! गावात तोंड दावायची सोय न्हाई. आता तुमचा पेपर कोन हातात धरंल?”

बाईंचा चेहरा उतरला. दोन दुकानदारांनी सकाळीच जाहिराती काढून घेतल्या होत्या. पेपर बुडाला तर पुन्हा कुठं चालत जायचं? पण दुसऱ्याच क्षणी त्यांचे डोळे चमकले.

“आबा, मला आणि मला, हे दोन वेगले शब्द आहेत?”

“म-ळा!”

“परत म्हणा. जीभ कुठे नेता? तोंड उघडा पाहू.”

भांडायला आलेले आबा स्टुलावर बसून आ वासून ‘ळ, ळ, ळ’ करू लागले, आणि बाई कंदील धरून आत बघू लागल्या! तासाभरानं बाईंच्या तोंडून पहिला ‘ळ’ पडला, तेव्हा आबांनी काठी टाकून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. तिच्यातला ‘ळ’ भिंतीवरच्या पत्रकांसाठी ठेवलेला लाकडी, वीतभर उंच होता. अंक हातोहात खपला, दुकानदार परतले, मळा शेजारच्या बांधवाल्यानं घेतला.

आणि बाईंनी छापखान्यात नवीन मुद्रितशोधक नेमला: आबा! सहीच्या जागी अंगठा उठवणारा माणूस. पण मजकूर कानावर पडला की चुकीचा ‘ल’ जागच्या जागी धरायचा.

माझी नोकरी मात्र गेली नाही. आबांना वाचून दाखवायला कुणीतरी शिकलेला लागतोच ना!