एकच खातं, दोन हॉल

तिला सगळे ताईच म्हणायचे. वयाने तिच्यापेक्षा मोठे असलेले हॉलवालेसुद्धा फोन करून "ताई, शनिवारी मोकळ्या आहात का?" असं विचारायचे. हे नाव तिला धाकट्या भावामुळे पडलं. पूर्वी कार्यक्रमांत दोघं मिळून गाणी वाजवायचे, आणि एकदा माइक हातात आला की धाकटा तो सोडायचा नाही. "आता ताई तुम्हाला नाचवणार!" असं तो इतक्या वेळा ओरडला की ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

गाण्यांचं काम तिला आईच्या व्यायामवर्गात लागलं. आई बायकांचा व्यायाम घ्यायची आणि ताई कोपऱ्यात बसून कॅसेट बदलायची. एक कॅसेट काढून दुसरी लावेपर्यंत बायका एक पाय हवेत धरून तिच्याकडे बघत राहायच्या. त्या नजरांनी तिचे कान तापायचे. मग तिने शेजारून दुसरा टेपरेकॉर्डर मागून आणला, आणि एकावरचं गाणं संपायच्या आत दुसऱ्यावरचं सुरू करायला शिकली. पुढे याच कामावर तिचं घर चाललं. टेपरेकॉर्डरच्या जागी लॅपटॉप आला, एवढाच काय तो फरक. डीजेच्या सॉफ्टवेअरमध्येही पडद्यावर दोन डेक असतात. एक वाजत असताना दुसरा तयार ठेवायचा.

तिची सगळी गाणी एका हार्ड डिस्कवर होती. वर्षानुवर्षं जमवलेली, एकेक ऐकून निवडलेली. धाकटा त्यावरून तिला चिडवायचा. "ताई, जग कुठे गेलंय! स्ट्रीमिंगचं खातं घे, सॉफ्टवेअरला जोड, हवं ते गाणं शोध आणि ओढ डेकवर. हे लोणचं कशाला मुरवत बसतेस?" शेवटी त्याच्या हट्टापायी दोघांच्या नावाने एक खातं उघडलंही. पण ताईचा जीव डिस्कमध्येच.

आणि एके दिवशी धाकटा ती डिस्क ठेवलेली बॅग टॅक्सीत विसरला.

बॅग गेली ती गेलीच. त्याने टॅक्सीवाल्यांचे थांबे पालथे घातले, पण हाती काही लागलं नाही. ताईने त्याला गिऱ्हाइकांच्या देखत सुनावलं, "तुझ्या हातात काही देणं म्हणजे ते नाल्यात टाकणं." त्याने आपले हेडफोन गुंडाळले आणि तो निघून गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. आईच्या आजारपणातही दोघं आळीपाळीने दवाखान्यात जायचे. एकजण आत, तर दुसरा बाहेर.

गंमत अशी की डिस्क गेल्यावर ताईलाही स्ट्रीमिंगवरच यावं लागलं, आणि तेही त्याच खात्यावर. पासवर्ड कुणीच बदलला नाही. बदलायचा म्हणजे दुसऱ्याशी बोलावं लागणार. त्या खात्यावर एका वेळी एकाच जागी गाणं वाजायचं, पण त्याने कधी अडलं नाही. धाकटा क्लबांत रात्रीचा वाजवायचा, ताई दिवसाची कामं घ्यायची. एकाच घरातली माणसं आळीपाळीने एकच किल्ली वापरतात, तसं चाललं होतं.

त्या शनिवारी दुपारी ताई एका लग्नाच्या स्वागत समारंभात वाजवत होती. नवरी फिजिओथेरपिस्ट. तिच्या बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते काठीशिवाय चालत नव्हते. पण लेकीबरोबर एक नाच करायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. लेकीने त्यांच्याकडून तो एका संथ गाण्यावर बसवून घेतला होता, आणि ताईने त्या गाण्याची लय आणखी थोडी कमी करून दिली होती. नवरीने तिला बजावून ठेवलं होतं, "ताई, मध्ये थांबवू नका हं. बाबा एकदा बसले की पुन्हा उठायचे नाहीत."

पहिली काही गाणी मजेत गेली. मग ताईने पुढचं गाणं डेकवर ओढलं आणि ते आलंच नाही. रिकाम्या चौकटीत नुसतं चक्र फिरत राहिलं. नेटवर्कचं काहीतरी असेल म्हणून तिने फोन उंचावून पाहिला, तर सगळ्या दांड्या भरलेल्या. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली: हे खातं दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे. इथे सुरू ठेवायचं का?

तिने 'हो' दाबलं. गाणं आलं. तिने सुटकेचा श्वास टाकला.

दोन गाण्यांनंतर पुन्हा तीच पाटी. आता मात्र तिच्या लक्षात आलं. ऐन दुपारी धाकटा कुठेतरी वाजवत होता. त्याच्याही पडद्यावर अशीच पाटी येत असणार, आणि तोही 'हो' दाबत असणार.

"दाब, दाब," ती दात आवळून पुटपुटली आणि पुन्हा 'हो' दाबलं. त्याने परत घेतलं. तिने परत ओढलं. गावाच्या दोन टोकांना दोन हॉलांत बहीणभावाची ही ओढाताण चालली होती. हॉलमधल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नाचणाऱ्यांना एवढंच कळत होतं, की आज गाणी जरा अडखळतायत.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाजतं गाणंच तुटलं. जेवढं लॅपटॉपवर उतरलं होतं तेवढं वाजलं आणि पुढे ठार शांतता. शंभरएक माणसं हात वर केलेली, तशीच थबकली. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली. ताईने चटकन दुसऱ्या डेकवरचं अर्धवट गाणं पुढे केलं.

एवढ्यात नवरी टेबलाशी आली. "ताई, आता बाबांचं लावा. ते उभे राहिलेत बघा."

समोर खरंच ते उभे होते. काठी एका हातात, दुसऱ्या हाताने कोटाचं बटण चाचपत. ताईने त्यांचं गाणं मोकळ्या डेकवर ओढलं. गाणं उतरेल तशी पडद्यावर त्याच्या आवाजाची लाट उमटू लागली, अर्ध्यावर आली आणि थिजली. पुन्हा ती पाटी.

तिचं बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच थांबलं. आता दाबलं आणि गाणं पुरतं उतरायच्या आत त्याने परत ओढलं, तर त्या माणसाचा पाय उचललेला असताना गाणं तुटेल. नवरदेवाच्या फोनवर गाण्यांचं खातं होतं, पण असलं साधं खातं हे सॉफ्टवेअर जोडूनच घेत नाही, आणि थेट फोनवरून लावलं तर लय कमी करता येत नाही. मार्ग एकच उरला होता.

"दोन मिनिटं," ती नवरीला म्हणाली. फोन कानाला लावून ती स्पीकरच्या मागे वाकली. रिंग वाजत राहिली. उचलणार नाही, तिला वाटलं. त्याच्या जागी ती असती तर तिने तरी उचलला असता का?

"बोल." मागे पोरांचा कल्लोळ होता.

"खातं सोड."

"वा! दोन वर्षांनी फोन केलास, तो हे सांगायला? कॉलेजची पोरं आहेत समोर, तीनदा तोंडघशी पाडलंस मला!"

"मी पाडलं? दिवसाची कामं तू कधीपासून घ्यायला लागलास?"

"क्लब बंद पडला. मग काय करू, घरी बसू?"

ताईला हे माहीत नव्हतं. समोर नवरीच्या बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"ऐक," तिचा आवाज खाली आला. "इथे एक बाप उभा आहे. ऑपरेशन झालंय. लेकीबरोबर नाचणार आहे, गाणं अर्धंच उतरलंय. मला ते पुरतं उतरवू दे. मग खातं तुझं. दिवसभर तुझं."

"आणि तोवर मी काय वाजवू? भांडी?"

"ऑफलाइन काही ठेवलं नाहीस?"

"मी?" तो म्हणाला. त्या एका शब्दात इतका धाकटेपणा होता, की एरवी तिला हसू आलं असतं.

पलीकडे पोरं ओरडत होती. मग त्याने एक सुस्कारा टाकला. "घे. पण लवकर." फोन बंद न करताच त्याने माइक उचलला असावा, कारण पुढचं तिला लांबून ऐकू आलं: "मित्रांनो, मशीन दमलंय! आता तुमचे हात बघू, चला!" आणि शेकडो टाळ्या एका ठेक्यात पडू लागल्या.

ताईने 'हो' दाबलं. लाट पुढे सरकू लागली. पाऊण... आणखी थोडी... टाळ्यांचा ठेका फोनमधून येतच होता, मध्ये तो विस्कटला, धाकट्याने आरडाओरडा करून पुन्हा सावरला. लाट टोकाला लागली.

"झालं. घे तुझं," ती म्हणाली आणि नेटच बंद करून टाकलं. पडद्यावरच्या याद्या करड्या पडल्या. डेकवर ते एक गाणं तेवढं उरलं.

बाप-लेक मधोमध आले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात वळायचं होतं आणि तिथे बाबा थांबले. चेहरा पांढरा पडला. लेकीने कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी मान हलवली, पण पाय काही उचलेना. गाणं पुढे पळत होतं. हॉल चिडीचूप झाला.

ताईने लूपचं बटण दाबून धरलं. त्या कडव्याच्या आधीचा वाद्यांचा तुकडा पुन्हा सुरू झाला. संपला की परत तोच. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्या बुटांकडे बघत होती. सूर त्यांच्याभोवती फिरत राहिले, कुठे घाई नाही, कुठे खटका नाही. नवरीने एकदाच ताईकडे पाहिलं. मग उजवा बूट हलला. जरासा, फरशीवर घासत. मग डावा. वळण पुरं झालं तसं ताईने बोट उचललं आणि गाणं पुढे गेलं.

टाळ्या पडल्या तेव्हा ती खुर्चीत बसली होती.

पण कार्यक्रम संपला नव्हता. शब्द दिला होता, त्यामुळे खातं मागता येत नव्हतं. लॅपटॉपवर ऑफलाइन होती ती फक्त दर मंगळवारी ज्येष्ठांच्या व्यायामाला लागणारी गाणी. तिथे तळघरात नेटवर्क नसतं म्हणून उतरवून ठेवलेली. तीच तिने लावली. म्हातारी मंडळी खुशीत उठली, तरुण मंडळी खुर्च्यांकडे वळली. नवरदेवाचा एक मित्र तावातावाने आला. "हे काय लावलंय? आम्ही सांगितलेली गाणी कुठायत?"

"खात्याचा घोळ झालाय. माझ्याकडे आज एवढंच आहे. चूक माझी," ती म्हणाली. तो हात झटकून गेला. बरेच जण लवकर पांगले. निघताना नवरीने तिचे दोन्ही हात हातात घेतले, पण सासरच्यांपैकी कुणी तिला निरोपाचा शब्दही बोललं नाही. त्या घराकडून पुन्हा काम येणार नाही, हे ताईला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दारात उभा. दाढी वाढलेली, हातात लॅपटॉप. तिचा नवरा दोघांकडे बघून "मी भाजी घेऊन येतो" म्हणाला आणि पिशवी न घेताच निघून गेला.

"घसा बसलाय माझा," धाकटा खरखरत म्हणाला. "नाचला का तो माणूस?"

"नाचला."

तिने चहा टाकला. पाठमोरी उभी राहूनच ती म्हणाली, "डिस्क गेली तेव्हा मी जे बोलले, ते लोकांच्या देखत बोलायला नको होतं."

"लोक नसते तर चाललं असतं?"

"नाही." ती वळली. "तसंही नको होतं."

तो कपाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मी अजून त्या टॅक्सीच्या थांब्यावरून जाताना मागच्या सीटवर बघतो, माहितीये?"

जुनी जोडी पुन्हा जमवायची, असं काही त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. धाकट्याने तिथेच बसून स्वतःचं वेगळं खातं उघडलं आणि जुन्यातून बाहेर पडला. मग ताईने त्याला ऑफलाइन गाणी कशी उतरवायची ते दाखवलं. "निदान पन्नास तरी ठेव." तो तीस म्हणाला, ती पन्नास म्हणाली, आणि नवरा परत आला तेव्हा कोणती ठेवायची यावरून दोघं हातघाईवर आले होते.