हात मागे, हाक पुढे

आमच्या वॉर्डात आया दोन, आणि दोघींनाही सगळे मावशीच म्हणायचे. पलंगावरून कोणी 'मावशी' अशी हाक दिली की एकतर आम्ही दोघी धावायचो, नाहीतर 'ती जाईल' म्हणून दोघी बसून राहायचो. शेवटी पेशंटनीच तोडगा काढला. मी थोरली मावशी झाले, ती धाकटी. थोरली चिडकी आणि धाकटी गोड, हेही त्यांनीच ठरवून टाकलं. त्यातलं पहिलं खरं आहे.

ही गोष्ट धाकटीची. पण तिचं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून सांगायचं कामही माझंच. मी आता निवृत्त झाले आहे, कोणी माझं काही वाकडं करू शकत नाही.

ती आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. बारावी पास, तीही विज्ञान घेऊन. नर्सिंगला जायचं होतं, पण घरच्यांनी आधी लग्न उरकलं आणि मग शिकायचं नाव काढायची सोय राहिली नाही. आयाची नोकरी मिळाली तेव्हा तिला वाटलं, दवाखान्यात तर शिरले, पुढचं पुढे बघू.

तिसऱ्याच आठवड्यात सहा नंबरच्या पेशंटने झोपेत सलाइनची सुई उपसली. रक्ताची धार लागली. धाकटीने अंगठ्याने ती जागा दाबली, त्याचा हात उंच धरला आणि सिस्टर येईपर्यंत तशीच उभी राहिली. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा हात सुजला. सूज सुईनेच आली होती, पण नातेवाइकांनी विचारलं, "हात कोणी लावला होता?" आणि सगळ्यांची बोटं आयाकडे वळली. मेट्रनबाईंनी तिला ताकीदपत्र दिलं. दुसरं मिळालं की नोकरी संपली.

त्या दिवशी मी तिला चादरींच्या खोलीत नेलं आणि आमचा धडा दिला. डॉक्टरांचा राउंड असला की आम्ही आया भिंतीला लागून, हात पाठीमागे बांधून उभ्या राहायचो. आमच्याकडची ती पद्धतच होती. हात मागे असले की ते कशातही नाहीत हे सगळ्यांना दिसतं.

"हात मागे, हाक पुढे," मी तिला म्हटलं. "पेशंट पडला, हाक मार. नळी निसटली, हाक मार. कोणाचा जीव चाललाय असं वाटलं तर मोठ्याने हाक मार. तुझं काम हाक मारण्यापर्यंत. त्याच्या पुढचा पगार तुला मिळत नाही."

मी बऱ्याच पोरींना शिकवलं, बहुतेक वेळा पालथ्या घड्यावर पाणी. हिने मात्र एकदा ऐकलं ते कायमचं.

मग मुली झाल्या. मोठी, आणि चार वर्षांनी बारकी. नवरा लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा आणि दोन दिवस झोपून काढायचा. माणूस वाईट नव्हता. घरात असून नसल्यासारखा, आणि बहुतेक वेळा नसलेलाच. मुलींना आधी एक शेजारीण सांभाळायची. तिला स्वतःचं बाळ झाल्यावर तिने हात वर केले. पाळणाघर रस्त्यापलीकडेच होतं, पण त्याची फी भरली असती तर खोलीचं भाडं राहिलं असतं.

म्हणून मुली चादरींच्या खोलीत आल्या. वॉर्डाच्या अगदी टोकाला ही खोली. लोखंडी मांडण्या, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, छताजवळ एक झरोका. सकाळी सातला बारकी आत जायची. बाराला मोठी शाळेतून मागच्या जिन्याने यायची आणि तीही आत. तीनला आमची पाळी संपेपर्यंत दोघी तिथेच. नियम दोन. दार उघडायचं नाही आणि आवाज करायचा नाही. तीन वर्षांचं मूल आवाज न करता खेळताना तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. ते बघवत नाही.

मेट्रनबाईंना यातलं काही माहीत नव्हतं असं मला आजही वाटत नाही. त्या वॉर्डाच्या कोपऱ्यावर आल्या की दोनदा खोकायच्या. बारा महिने असा मोजून दोनदा खोकला कोणाला येत नाही. त्या खोकल्या की धाकटी खोलीचं दार तपासून यायची. त्यांचं न बघणं आणि आमचं लपवणं, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं ते चाललं होतं. कोणा तिसऱ्याने तक्रार केली असती तर दुसरं ताकीदपत्र त्यांनाच लिहावं लागलं असतं.

अशात एक नवी सिस्टर बदलून आली. बावीस वर्षांची, अजून कोणी तिला माणसांवर ओरडायला शिकवलं नव्हतं. तिने आपली जुनी पुस्तकं धाकटीला दिली आणि नर्सिंग स्कूलचं पत्रकही आणून दिलं. आधी लेखी, मग मुलाखत. वयाची अट पस्तीस. धाकटीला पस्तिसावं सरत आलं होतं, म्हणजे हे ताट एकदाच वाढलं जाणार होतं. पत्रकातल्या एका ओळीखाली तिने पेनाने दोनदा रेघ मारली होती. शिकणाऱ्यांच्या मुलांसाठी स्कूलचं स्वतःचं पाळणाघर होतं, फी न घेणारं. नर्स होणं नंतरचं, आधी पोरी चादरींतून बाहेर येणार होत्या.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? उद्या ही सिस्टर होऊन येणार आणि 'मावशी, बेडपॅन द्या' म्हणणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. नाकापेक्षा मोती जड, असं मी तिला तोंडावर म्हटलं.

"ताई, मी सिस्टर झाले तरी पॅन मीच देईन," ती म्हणाली. "तुम्ही बसून राहा."

अशा बाईवर राग धरणं फार कष्टाचं काम आहे. मी ते आठवडाभर नेटाने केलं आणि मग सोडून दिलं.

पुस्तक असायचं चादरींच्या गठ्ठ्यात, वरून तिसऱ्या चादरीखाली. चादर आणायला गेली की ती एक पान वाचून यायची. त्या दोन महिन्यांत आमच्या पेशंटच्या चादरी इतक्यांदा बदलल्या गेल्या की एका आजोबांनी व्यवस्थापनाला कौतुकाचं पत्र लिहिलं. घरी बारकीला अंघोळ घालताना तिची हाडं पाठ व्हायची. एकदा बारकी मांडणीवरून घसरली तेव्हा एव्हाना आमच्या गुपितात सामील झालेल्या नव्या सिस्टरने विचारलं, "कुठे लागलं ग?" तर ही मांडी चोळत हळूच म्हणाली, "फीमरला."

हसायचो आम्ही, पण धाकटी आतून आवळत चालली होती. एक दिवस जेवताना मध्येच थांबून ती म्हणाली, "ताई, घरी गेले तरी माझा हात पहिल्यांदा कडीकडे जातो. मुली दाराजवळ गेल्या की मीच ओरडते, आवाज नको. घरात कोण ऐकणार आहे? तरी ओरडते."

लेखी परीक्षेत ती पास झाली. जागा तीस होत्या आणि तिचा नंबर एकोणिसावा. आता फक्त मुलाखत. सरावाला कोणीतरी प्रश्न विचारणारं हवं होतं, ते काम मी घेतलं. जेवणाच्या सुटीत चादरींच्या खोलीत मी स्टुलावर, ती समोर उभी, आणि दोन्ही मुली गठ्ठ्यावर बसून प्रेक्षक.

"पेशंटला दरदरून घाम फुटलाय, छातीत दुखतंय म्हणतोय. काय कराल?"

"जवळ थांबेन. सिस्टरला हाक मारीन."

"बरोबर. टाके उसवले?"

"पेशंटला हलू देणार नाही. सिस्टरला हाक मारीन."

"सुई निघाली, रक्त चाललंय?"

"सिस्टरला हाक मारीन."

"शंभरपैकी शंभर," मी म्हटलं. बारकीने टाळ्या वाजवल्या, आवाज न होणाऱ्या, बोटांच्या टोकांना टोकं लावून. आम्हा दोघींना त्या उत्तरांत काहीही खटकलं नाही. नऊ वर्षं तीच बरोबर होती.

मुलाखतीच्या दिवशी दोघींचं काम मी एकटीने ओढलं. दोनच्या सुमाराला ती आली, अंगावर ठेवणीतली साडी. मी धुऊन आलेल्या चादरींशी झगडत होते. दवाखान्याची चादर एकटीने नीट घडी होत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, मग एकीने चालत येऊन दुसरीच्या टोकांना टोकं लावायची. तिने समोरची टोकं उचलली.

"कशी झाली?" मी विचारलं.

"हाडं सगळी सांगितली. गोळ्यांची गणितंपण आली." ती चालत आली, टोकं माझ्या हातात दिली, परत मागे गेली. "मग एका बाईंनी विचारलं, तुम्ही वॉर्डात आहात, सलाइनची सुई निघाली, रक्त वाहतंय. काय कराल?"

"मग?"

"सिस्टरला हाक मारीन म्हटलं."

"बरोबर," मी म्हटलं. सवयीने.

ती दुसरी चादर घेऊन उभी होती, पण ताणत नव्हती. "त्या म्हणाल्या, सिस्टर तुम्हीच आहात."

माझ्या हातातली टोकं सुटली. मोठी गठ्ठ्यावरून आमच्याकडे बघत होती.

"मला काही सुचेचना, ताई. म्हटलं, मोठ्या सिस्टरला हाक मारीन. सगळे हसले. वाईट नाही हसले. त्या बाईंनी अजून एक संधी दिली, म्हणाल्या, कोणीही नाहीये तिथे, तुम्ही आणि पेशंट, हातांनी करून दाखवा. आणि मला येत होतं हो. मी केलंय ते. अंगठा कुठे, हात किती उंच, सगळं समोर दिसत होतं. पण हात मागे होते. खुर्चीत बसले होते तरी मागे. ते पुढे येईचनात."

मला रडू आलं नाही, संताप आला. आयुष्यभर मी बऱ्याच जणांवर चिडले आणि प्रत्येकाला शोधून काढून बोलले. या वेळी जिच्यावर चिडले होते ती बाई माझ्याच कपड्यात उभी होती.

"माझं चुकलं ग," मी म्हटलं.

"तुमचं कसं चुकलं? तुम्ही सांगितलं नसतं तर महिन्याभरात माझी नोकरी गेली असती."

तेही खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आडात पडू नये म्हणून मीच तिला हात धरून विहिरीपर्यंत आणलं होतं.

आठ दिवसांनी यादी लागली. तिसांत ती नव्हती. पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण झाली. पुस्तकं परत द्यायला गेली तर नवी सिस्टर घेईना, म्हणून ती पुन्हा चादरींखालीच राहिली. धाकटी कामावर येत होती, पॅन देत होती, गोड बोलत होती. राउंडला भिंतीला लागून उभी राहत होती. पेशंटना काही फरक दिसला नाही. मला दिसला, कारण चादरी आता नियमाप्रमाणेच बदलल्या जात होत्या.

पाऊण महिना गेला असेल. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही दोघी चादरी न्यायला गेलो आणि दार उघडलं. बारकी मधोमध उभी होती. मांडणीच्या पत्र्याने तिची करंगळी चांगलीच कापली होती, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तिचं तोंड मोठं उघडलेलं, चेहरा लालबुंद, आणि आवाज नाही. नियम पाळत होती. आणि मोठी भिंतीला लागून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. ती कुजबुजत होती, "सिस्टर. सिस्टर. सिस्टर."

सात वर्षांची पोर. सगळे सराव तिने गठ्ठ्यावर बसून ऐकले होते.

मी पुढे झाले तर धाकटीने मला आडवा हात घातला.

"हाक नंतर," ती मोठीला म्हणाली. "आधी हात पुढे कर."

"मी?"

"तूच. तिचं बोट धर. अंगठ्याने दाब. घाबरू नकोस, जोरात दाब. आता तिचा हात वर कर, डोक्याच्या वर."

मोठीने हात पुढे केले. बारकीचं बोट दाबून वर धरलं. धाकटी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि बारकीकडे वळली.

"आणि तू रड. मोठ्याने रड."

बारकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. खरं वाटेना तिला. मग तिने असा हंबरडा फोडला की पलीकडचा एक नंबरचा पेशंट उठून बसला. एवढा आवाज त्या पोरीत होता हे मला त्या दिवशी कळलं.

कोपऱ्यावर मेट्रनबाई दोनदा खोकल्या. थोड्या वेळाने परत दोनदा, जरा मोठ्याने. मी दार लोटायला वळले.

"राहू द्या, ताई," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात रक्त थांबलं का बघायला मोठीने अंगठा उचलला.

"अजून नाही," धाकटी तिला म्हणाली. "दाबून धर."