माझ्या बाटलीचा रंग

डॉक्टरांनी माझ्या लिव्हरचे आकडे बघितले आणि म्हणाले, "आता एक थेंबही नाही." मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती: आता माझ्या रविवारचं काय?

नोकरीपायी पुण्याहून म्हैसूरला आलो तेव्हापासून या गावाशी माझं जे काही सूत जमलं, ते अण्णांच्या माडीवर. अण्णा इथले पिढीजात मराठी. आजे-पणजे रंगारी, आणि अण्णांचं देवराज मोहल्ल्यात साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीस आणि फॉल विकायचं दुकान. रविवारी दुपारी दुकान बंद आणि माडी उघडी. नियम एकच: ज्याची बाटली त्याची. अण्णांची ब्रँडी, माझी साधी व्हिस्की, आणि नाशिकहून बदली होऊन आलेल्या आमच्या बँकवाल्या मित्राची परदेशी सिंगल माल्ट, जिच्याकडे नुसतं बघायलाही त्याची परवानगी लागते. बाटल्या अण्णांच्या कपाटात मुक्कामाला असतात आणि दुसऱ्याच्या बाटलीला कोणी हात लावत नाही.

पूर्वी आम्ही चौघं होतो. चौथा रमवाला. त्याला कावीळ झाली आणि त्याने सोडली. त्यानंतर काही रविवार तो लिंबू सरबताचा ग्लास घेऊन बसला. बँकवाला त्याच्याशी सुतकाच्या घरी गेल्यासारखा हळू आवाजात बोलायला लागला. मग त्याच्याकडे पापड भाजायचं काम आलं. मग सगळ्यांना गाडीने घरी सोडायचं. मग त्याला नेमकी रविवारीच कामं निघायला लागली. कोणी वाईट वागलं नाही, पण माडीवरची एक खुर्ची भिंतीला लागली ती लागलीच. मला तसं भिंतीला लागायचं नव्हतं.

म्हणून मी घरी कोरा चहा उकळला, फडक्यातून गाळगाळून घेतला आणि माझ्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत भरला. बायको ओट्याला टेकून हसत होती. "लोक चोरून पितात. चोरून न पिणारा तू पहिलाच!"

माडीवर गेल्यावर प्रश्न उभा राहिला तो चढण्याचा. किती चढवायची आणि केव्हा? पहिल्या पेगला मी नुसताच गालात हसलो. दुसऱ्याला देशाचं पुढे काय होणार यावर बोललो. तिसऱ्याला मात्र माझा लगाम सुटला. वहिनींच्या कोडबळ्यांचं, म्हणजे आपल्या कडबोळ्याच्या इथल्या बहिणीचं, इतकं कौतुक केलं की त्यांनी आणखी एक ताटली आणून आदळली. मग मी उभा राहून एक जुनं भावगीत म्हटलं, सगळी कडवी, एकही शब्द न विसरता. "आज तुला लवकर चढली रे," बँकवाला खूश होऊन म्हणाला. मग नाक वर करून त्याने हवा हुंगली. "तुझ्या त्या स्वस्तातल्या व्हिस्कीच्या पिंपाचा लाकडी वास इथपर्यंत येतोय!" मी हसता हसता खुर्चीवरून खाली आलो. ते काही नाटक नव्हतं. खरं सांगतो, मला चढली होती. कोऱ्या चहावर, मित्रांवर, लबाडी जमल्याच्या आनंदावर मी पार तर्र झालो होतो.

आणि तिथेच घात झाला. खाली बसलेल्या मित्राच्या काळजीने बँकवाल्याने माझ्या ग्लासात मूठभर बर्फ टाकला. कोरा चहा गार झाला की गढुळतो, हे मला कुठे ठाऊक! बघता बघता माझा पेग डबक्यातल्या पाण्यासारखा दिसायला लागला. बँकवाला पुन्हा स्वतःच्या ग्लासात नाक खुपसून बसला होता. अण्णांनी मात्र हात पुढे केला, माझा ग्लास उचलला आणि खिडकीपाशी नेला. दुकानात कोणी बाई साडी घेऊन आली की अण्णा ती अशीच दारात नेऊन उजेडात धरतात. मी जमिनीवरच बसून राहिलो. गेला आपला रविवार, म्हटलं. मनातल्या मनात पापडही भाजायला घेतले.

"फ्रिज केट्टोगिदे," अण्णा म्हणाले. म्हणजे बिघडलाय. "बर्फच घाण हाय बघ. तू बर्फ नको घेऊस, गुरू." त्यांनी ग्लास मोरीत ओतला आणि नियम मोडून माझ्या बाटलीतून मला नवा भरून दिला. वाचलो बुवा, असं म्हणत मी तो एका दमात संपवला.

पुढच्या रविवारी कपाटातून माझी बाटली काढली, ग्लासात ओतली आणि थबकलो. चहाचा लालसरपणा गेला होता. समोर अगदी व्हिस्कीचा असतो तसा पिवळा सोनेरी रंग. अण्णांनी त्यात बर्फ टाकला. काही म्हणजे काही गढुळलं नाही. मी घोट घेतला. जाळलेली साखर, लवंग आणि घशाला चटका लागावा इतकी मिरी!

बँकवाला गॅलरीत फोनवर बोलत होता. अण्णा माझ्याकडे वाकले. "मॅच झालं, अल्वा? झालं ना? तुझा चहा लाल मारत होता. पहिल्याच पेगला दिसलं मला."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी भरूनही आलं. "मग तेव्हाच बोलला का नाहीत, अण्णा? मी उभा राहून गाणं म्हणत होतो!"

"गाणं चांगलं होतं की. सुम्ने, उगाच कशाला थांबवायचं?"

मग ते पुन्हा कपाटापाशी गेले आणि मागच्या बाजूने एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. चौथ्याची, रमची, गळ्यापर्यंत भरलेली. रंग काळपट तांबूस, जसाच्या तसा.

"ह्याला साखर जास्त जाळावी लागली," अण्णा म्हणाले. "आता त्याला फोन लाव. पापड भाजायचे नाहीत, म्हणून सांग."