म्हात्रे मॅडम आणि नियम न पाळणारे अणू

कल्याणच्या आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीची स्टाफरूम एवढीशी. पण चहाला दोघं जरी बसली तरी म्हात्रे मॅडमचा किस्सा निघतोच. इतकी वर्षं सांगतोय, तरी कोणाकडे तरी नवीन एक असतोच.

मॅडम शीळफाट्याजवळच्या गावातल्या, शेतकरी घरातल्या. आवाज असा की मागच्या बाकावर डुलकी लागायची नाही.

*

इलेक्ट्रॉन भरायचा साधा नियम त्या शिकवायच्या: आधी अणूच्या फोर एस या कप्प्यात दोन, उरलेले थ्री डी या कप्प्यात. मग क्रोमियम लिहायला सांगायच्या. अख्खा वर्ग नियमाने लिहायचा.

"लिहिलं? आता खोडा. क्रोमियम फोर एसमध्ये एकच ठेवतं, थ्री डी बरोबर अर्धा भरावा म्हणून."

एक मुलगा वैतागला. "मॅडम, मग नियम कशाला शिकवला?"

"नियम नसता, तर क्रोमियम वेगळं वागतं हे तुला कळलं असतं का रे?"

*

टिटवाळ्याहून येणाऱ्या सायलीने एकदा विचारलं, "आवर्तसारणीत क्रोमियमच्या खालचं मॉलिब्डेनम तसंच वागतं. मग त्याच्याखालचं टंगस्टन का नाही? ते सिक्स एसमध्ये दोन ठेवतं."

मॅडम म्हणाल्या, "मी दिलेलं कारण अपुरं आहे गं. वाचून सांगते."

दुसऱ्या दिवशी सांगितलं: अणू फार जड झाला की केंद्रक एसचे इलेक्ट्रॉन जास्त आत ओढतं, म्हणून टंगस्टनचे दोन्ही तिथेच राहतात. पुढे दरवर्षी त्या तासाची सुरुवात व्हायची, "हा प्रश्न सायलीचा."

*

प्रीलिमला नेमकं टंगस्टन आलं. आमचे हेड जोशी सर, त्यांनी सायलीचं उत्तर चूक दिलं. मॅडम पेपर घेऊन सरांकडे गेल्या.

"उत्तरसूचीत सिक्स एसला एकच आहे," सर म्हणाले.

"सर, उत्तरसूची आपण बनवली. टंगस्टन आपण नाही बनवलं."

सरांनी पुस्तक उघडलं, वाचलं, आणि पेपरांचे सगळे गठ्ठे परत तपासायला मागवले. त्यांचंही कौतुकच.

*

मागे मॅडमचं डोक्याचं ऑपरेशन झालं, ठाण्याला. ऑपरेशन नीट झालं, पण त्या शुद्धीवर येईनात. डॉक्टर नाव विचारून थकले. मुलीने हाका मारल्या. काही नाही.

दुपारी मी आणि जोशी सर भेटायला गेलेलो. सर पलंगाशी उभे राहिले. मग वर्गात बोलतात तसं खणखणीत म्हणाले, "पॅलॅडियम. फाइव्ह एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले.

"एकही नाही."

नर्स धावत आली. "काय म्हणाल्या त्या?"

सर चष्मा पुसत होते. "बरोबर म्हणाल्या."