अण्णांचं खळं, कॅनडातलं

मंडळी, आज सकाळी कॅनडातून दादाचा व्हिडिओ कॉल आला. मुलींना स्केटिंग करता यावं म्हणून त्यानं घरामागच्या अंगणात बर्फाची रिंक करायला घेतलीये. पाइपनं एकदम पाणी सोडलं. वर पापडी धरली, खाली पाणीच. पाय ठेवला की फुटतंय.

आमचे वडील, अण्णा, शेजारी चहा पीत होते. नामपूरची शेती सोडून आता अंबडला माझ्याकडे असतात. इथे त्यांना कोणी काही विचारत नाही. मीसुद्धा.

त्यांनी फोन हातात घेतला. "अरे, मळणीचं खळं कसं सारवायचो आपण? आधी जमीन सारखी कर. मग शेणाचा पातळ हात दे, तो वाळू दे, मग दुसरा. घाई नाय करायची."

"अण्णा, इथं वाळत नाही, गोठतं."

"तेच रे. एक थर धरला का मगच दुसरा."

संध्याकाळी फोटो आला. तिकडच्या रात्रभर थर देऊन केलेला गुळगुळीत बर्फ. अण्णांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "डावीकडं उतार राहिलाय. त्याला म्हणावं, उद्या फोन कर."

फोटो खाली टाकलाय. मला तर कुठेच उतार दिसत नाही. तुम्हाला दिसतोय का?