तळ्याकाठी काय येतं?

हिमालयात, मोठी झाडं संपून नुसती कुरणं सुरू होतात त्या उंचीवर, एक तळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर सामान घेऊन तिथे जायचं आणि तंबूत राहायचं, असं मी मनात धरलं. बायको हो म्हणाली, पण अट घालून.

"तंबूत मले झोप आली पाह्यजे. नाई आली, तर तुम्ही एकटेच जा."

एकट्याने जायची मला अजिबात इच्छा नव्हती. आजवर आम्ही दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे नातेवाइकांची लग्नं आणि बारशी.

तिचं माहेर वाघांच्या जंगलाला लागून, मोहर्लीजवळचं. तिथे धानाच्या राखणीला माणसं मचाणावर झोपतात, आणि मचाण चारही बाजूंनी उघडं असतं. जमिनीवर, कापडात बंद होऊन झोपणं म्हणजे तिच्या मते वाघाला डबा भरून देणं.

मी माझ्या पद्धतीने तयारीला लागलो. घरातल्या स्प्रिंगकाट्यावर एकेक वस्तू तोलली. तिची पिशवी सात किलो, माझी अकरा. टॉवेल अर्धा कापला. मग गच्चीवर तंबू उभा केला. स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चार कोपरे पाण्याने भरलेल्या कॅनना बांधले. ऊन उतरल्यावर दोघं आत आडवे झालो. बायकोने लगेच चेन उघडली आणि ती डोकं बाहेर काढून पडून राहिली.

"आतून काईच दिसत नाई जी."

"पाहायचंय काय? तिथे वाघ नाही. आपल्याला तळ्यावर नेणाऱ्या गाइडला मी दोनदा विचारलंय."

"वाघ नाई, मंग काय येते?"

"काहीच नाही."

"काईच नाई? असं कोनतं जंगल रायते?"

मी चढ सांगितला, अंतर सांगितलं, रात्रीचं तापमान सांगितलं. प्रत्येक आकड्याला ती तंबूतून आणखी थोडी बाहेर सरकत गेली. शेवटी फक्त पाय आत उरले.

"मी भावाकडे जातो दिवाळीले," ती म्हणाली. "तुम्ही या फोटो काढून."

म्हणून मी तिथल्या तिथे गाइडला फोन लावला. तो तरी समजावेल, अशी आशा होती. तिने फोन माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"भैया, सच बताना. रात को वहाँ क्या आता है?"

"दीदी, कभी-कभी भालू आ जाता है."

संपलं, असं मला वाटलं. मी आमच्याकडच्या सवयीने फक्त वाघाचं विचारलं होतं. अस्वलाचं विचारायचं सुचलंच नव्हतं.

बायको मात्र उठून बसली. "भालू? मंग आधी नाई सांगाचं का! मोहाची फुलं पडाच्या दिवसात आमच्या घरामागं रोज येते. बोलत-बोलत चालाचं, खाण्याचं सामान झोपाच्या जागेपासून दूर ठेवाचं. तुम्ही काईच नाई, काईच नाई म्हणून राह्यले, त्याचंच भेव वाटे मले."

मग तिने गाइडची उलटतपासणी घेतली. खाना कहाँ रखते हो, बर्तन कहाँ धोते हो, सुबह पहले कौन निकलता है. तो बिचारा "जी दीदी, जी दीदी" करत राहिला.

फोन ठेवून ती आत सरकली, चेन लावली आणि माझ्याकडे पाठ केली. थोड्याच वेळात घोरू लागली. मी घामाने निथळत, अस्वलाचा विचार करत पडून होतो. शेवटी हळूच चेन उघडून बाहेर आलो आणि मोबाइलवर रेल्वेची दोन तिकिटं काढली.