मामांचा हिरवा ठिपका

चहाला कुठं जायचं हेसुद्धा चढ, वारा आणि शत्रूची नजर पाहून ठरवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो माझ्या नशिबी मामा म्हणून आला. मामा तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं ते संगणकावर होते. पडद्यावर डोंगरदऱ्या उभ्या राहायच्या, तोफा लावायला तीन जागा यंत्र सुचवायचं, सगळ्यांत चांगलीवर हिरवा ठिपका पडायचा आणि साहेब त्यांतली एक निवडायचे. "यंत्र सुचवतंय, ठरवायचं मानसानंच," हे मामांचं ब्रीद. निवृत्तीनंतर तोफा गेल्या, ठिपका काही गेला नाही. मंगळवार पेठेतल्या घरी लॅपटॉपवर त्यांनी तसलंच काहीतरी स्वतः जुळवलं. मामी भाजीला निघाली की तिच्यापुढं तीन मंडया हजर. मामी चौथीत जायची.

माझ्या लग्नातल्या पंगतीचा आराखडाही त्यांचाच. गोळा पडतो तिथून आपली माणसं लांब हवीत, या नियमानं त्यांनी चुलीभोवती भलंमोठं लाल वर्तुळ मारलं आणि पंगत मैदानाच्या पार टोकाला बसवली. आमटी पानात पडेतो गारढोण. माझे सासरे हुपरीचे. ते ओरडले, "पावणं, चूल काय हुपरीला मांडलीया?"

मामा शांत. "जेवन गार झालं, पर मानूस एक तरी भाजला का?"

यावर हुपरीनं हात टेकले.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, शीतलला, गुवाहाटीला नोकरी लागली. मामांनी तातडीनं पडदा उघडला. कोल्हापूर, पुणे, गुवाहाटी. ठिपका कोल्हापूरवर. पुन्हा चालवलं, पुन्हा कोल्हापूर. शीतलनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. कशाला किती महत्त्व द्यायचं हे यंत्राला आधी सांगावं लागतं. पगार, काम, आवड यांना मामांनी चिमूटभर दिलं होतं आणि घरापासूनच्या अंतराला पोतंभर.

"पप्पा, ह्यो ठिपका यंत्राचा न्हाय, तुमचा हाय की."

मला वाटलं, आता तोफ उडणार. मामांनी चष्मा लावून ते आकडे एकेक करून वाचले.

"मग ठरवायचं कुणी?" शीतलनं हळूच विचारलं.

"मानसानंच," मामा म्हणाले. आणि लॅपटॉप मिटून, "तूच ठरीव. जा."

त्या दिवशी मला मामांचा फार अभिमान वाटला.

शीतल गुवाहाटीला गेल्यावर परवा मामांकडं गेलो तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. नकाशा इतका बारीक केलेला की पन्हाळा दिसेना, पंचगंगा दिसेना.

"मामा, एवढ्या लांबनं काय कळतंय?"

त्यांनी एक बोट कोल्हापूरवर ठेवलं, दुसरं गुवाहाटीवर.

"जरा मोठा केला की शीतल पडद्याभाईर जाती," मामा म्हणाले.